जमीन विकण्यासाठी आणलेली गाडी

क्लीव्हलंडच्या पूर्वेला शेकर हाइट्स हे उपनगर आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते चांगल्या शाळांमुळे आणि जबर प्रॉपर्टी टॅक्समुळे ठाऊक असेल. मी मुंबईच्या लोकलवर वाढलेला, त्यामुळे मला कुतूहल तिथल्या गाडीचे. मुंबईत १८५३ साली आगगाडी आली आणि वस्ती तिच्या मागोमाग सरकत गेली. इथे प्लॉट विकायचे म्हणून गाडी आणली.

ऑरिस आणि मँटिस व्हॅन स्वेरिंगेन हे दोघे सख्खे भाऊ. शेकर पंथीयांची इथली वसाहत १८८९ मध्ये उठली होती. पुढे ती उंचावरची जमीन या भावांनी घेतली. पण तिथून शहरात रोज कामाला जायचे कसे? रूळ टाकायला हवी होती ती वाट निकेल प्लेट रेल्वेच्या हातात. १९१६ मध्ये भावांनी ८५ लाख डॉलरना ती अख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली! जिना हवा म्हणून चाळ घ्यावी, त्यातला प्रकार. ११ एप्रिल १९२० रोजी शेकर रॅपिड सुरू झाली. तिचे रूळ उपनगरात रुंद रस्त्याच्या मधोमध हिरवळीतून जातात, आणि पुढे शहराकडे तिला स्वतंत्र मार्ग आहे. साध्या ट्रामसारखे रहदारीत रखडावे लागत नाही, हेच तिच्या वेगाचे गुपित. १९३० पासून ती थेट टर्मिनल टॉवरच्या पोटात जाऊ लागली.

पण ही सोय कोणासाठी होती? १९२५ नंतर भावांच्या कंपनीने खरेदीखतांत अट घातली, की कंपनीच्या किंवा शेजारच्या घरमालकांच्या संमतीशिवाय घर पुढे विकता येणार नाही. अटीत वंशाचा उल्लेख नाही; वापर मात्र कृष्णवर्णीय आणि ज्यू गिऱ्हाइकांना बाहेर ठेवण्यासाठी झाला. तुम्हाआम्हाला त्या काळी तिथे घर मिळाले असते असे मला वाटत नाही. गाडीचे तिकीट तेवढे मिळाले असते.

मंदीत भावांचा डोलारा कोसळला. १९३५ मध्ये मँटिस गेला, १९३६ मध्ये ऑरिस. १९४४ मध्ये गाडी गावानेच विकत घेतली. घरांचा प्रश्न सुटायला जास्त वेळ लागला. १९५६ मध्ये लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घरी बॉम्ब फुटला. त्यानंतर तिथल्या काळ्या-गोऱ्या शेजाऱ्यांनी मिळून १९५७ मध्ये रहिवासी संघटना काढली. साठच्या दशकात शेकर लेक्सवरून फ्रीवे न्यायचा घाट घातला गेला, तोही रहिवाशांनी लढून १९७० मध्ये बंद पाडला.

१९७५ पासून ही गाडी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे आहे. विमानतळावरून रेड लाइनने यायचे, टॉवरखाली ग्रीन किंवा ब्लू लाइन पकडायची. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मी हा मार्ग सुचवतो. बॅगा मोठ्या असतील तर अर्थातच मोटार घेऊन जातो.