तिकीट लावून बाईचे गाणे

गाणे ऐकावयास आंबिवलीहून कल्याणला जाणाऱ्या आपल्या भगिनींना चिंता असते ती परतीच्या गाडीची. बायकांनी सभेत बसावे की नाही, हा प्रश्न कोणासच पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी तो पडत असे, आणि तो सुटण्यात हिराबाई बडोदेकर यांचा वाटा मोठा आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई. आईवडील विभक्त झाल्यावर मुले आईपाशी वाढली. हिराबाईंना पुढे तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांची. त्या काळी बाईने गावयाचे ते बहुधा एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात, पुरुषांपुढे. घरंदाज स्त्री तेथे पाऊल टाकीत नसे, आणि गाणारीकडे समाज कोणत्या नजरेने पाही ते सांगावयास नको. रंगभूमीवर तरी काय? बालगंधर्व शालू नेसून उभे राहत आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखा शालू, त्यांच्यासारखा गजरा हवा म्हणत. बाईने कसे दिसावे हे शिकवावयासही पुरुषच!

१९२१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या मुंबईतील परिषदेत हिराबाई गायल्या. पुढे तिकीट लावून त्यांचे जलसे होऊ लागले. तिकिटाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण सारे तेथेच आहे. दिवाणखान्यात कोणाला बोलवावयाचे ते यजमान ठरवी. तिकीट मात्र पैसे देईल त्याचे. त्यामुळे ऐकणाऱ्यांतही बायका आल्या. भावंडांसह हिराबाईंनी नाटकेही केली.

याची किंमत मात्र त्यांनी मोजली. अंगभर पदर, हातवारे नाहीत, नजर शांत. लोक त्याला शालीनता म्हणत आणि कौतुक करीत. ते कौतुक मला पुरते मानवत नाही. पुरुष गवई मांडी ठोकीत, तोंड वेडेवाकडे करीत. त्यांस कोणी काही विचारले नाही. ज्या गायिकांना असे संयमाने बसणे जमले नाही, किंवा रुचले नाही, त्यांना हा मान मिळाला नाही.

हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे २०२४ पर्यंत आपल्यांत होत्या.

परवा कल्याणच्या एका मैफलीत भैरवी सुरू झाली. आमच्या रांगेतल्या चौघीजणी घड्याळे पाहून हळूच उठल्या. पुरुष मंडळी शेवटपर्यंत बसली होती.