विजेचीं जुनीं घड्याळें

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. कित्येकांस वस्तूचें रूप प्रिय असतें, कित्येकांस तिचें चरित्र. अमेरिकेंत गेल्या शतकाच्या मध्यास घरोघर नांदलेलीं विजेचीं घड्याळें, आणि बैठकींतच घड्याळ बसविलेले मेजावरचे दिवे, आज हौसेनें जमविले जातात. त्यांतील मूळ यंत्र काढून त्या जागीं बॅटरीवर चालणारें क्वार्ट्झ यंत्र बसविण्याची रीतही कांहींजणांनीं उचलली आहे. ती इष्ट कीं अनिष्ट, हें ठरविण्यापूर्वीं ह्या घड्याळांचा पूर्ववृत्तान्त पाहिला पाहिजे.

ह्या घड्याळांत लंबक नाहीं. आंत एक लहानशी मोटार असते आणि ती विजेच्या आवर्तनांशीं पाऊल जुळवून फिरते. अमेरिकेंत हीं आवर्तनें सेकंदास ६० होतात. म्हणजे हें घड्याळ स्वतः काळ मोजीत नाहीं. दूरच्या वीजघरांतील यंत्राचे फेरे तेवढे मोजतें. वीजघराची गति चुकली कीं गांवांतील सर्व घड्याळें चुकलीं. मॅसॅच्यूसेट्समधील ॲशलंड येथील हेन्री वॉरेन ह्यानें ही अडचण मुळाशींच दूर केली. त्यानें वीजघरासाठीं दोन कांट्यांचें एक घड्याळ रचिलें. एक कांटा लंबकानें चाले, दुसरा तेथेंच निघणाऱ्या विजेनें. दोन्ही कांटे एकत्र राहतील अशा बेतानें यंत्राची गति राखणें एवढेंच कामगाराचें काम. बोस्टन येथें १९१६ च्या ऑक्टोबरांत हें घड्याळ चालूं झालें. पुढें वॉरेनच्या घड्याळांस ‘दूर’ आणि ‘काळ’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘टेलिक्रॉन’ हें नांव पडलें.

वीज खंडित झाली तर काय करावें, ह्याविषयीं मात्र कारागिरांत मतभेद होता. टेलिक्रॉन वीज परततांच आपोआप चालूं लागे. वेळ मागें पडल्याची सूचना पुष्कळ नमुन्यांत तबकडीवरील लाल खूण देई. लॉरेन्स हॅमंड ह्याचीं आरंभींचीं घड्याळें थांबलीं कीं थांबलीं. तीं हातानें फिरवून पुन्हां चालूं करावीं लागत.

हें परावलंबन प्रत्यक्ष पाहावयाचें असल्यास असें एखादें अमेरिकन घड्याळ आपल्या देशांत आणावें. विजेचा दाब उतरवून त्यास बेताचा करून दिला तरी तें तासास १० मिनिटें मागें पडतें. कारण येथील आवर्तनें ५० आहेत. घड्याळ निर्दोष असतें, धनी तेवढा बदललेला असतो. युरोपांतही २०१८ च्या आरंभीं सर्बिया व कोसोव्हो ह्यांच्या विजेविषयींच्या वादामुळें आवर्तनें किंचित् मंदावलीं, आणि मार्चपर्यंत अनेक देशांतील अशीं घड्याळें सुमारें ६ मिनिटें मागें पडलीं.

सारांश, ह्या घड्याळाचें ऐतिहासिक मोल त्याच्या बेकलाइटच्या पेटींत जितकें आहे, त्याहून अधिक त्याच्या तारेंत आहे. अपरिचित कामगाराच्या दक्षतेवर अवघ्या गांवानें ठेवलेल्या विश्वासाचा तो पुरावा होय. जीर्ण तार धोक्याची असते, ती अवश्य बदलावी. मोटारीच्या बंद डबींतील तेल सुकून ती घरघरूं लागली तर तेल घालावें. काय बदललें त्याची टिपणी घड्याळासोबत ठेवावी. परंतु यंत्रच काढून टाकणें म्हणजे बखरीचीं पानें फेकून तिची बांधणी तेवढी कपाटांत ठेवणें होय. आमचें मत विचाराल तर, न चालणारें पण अभंग घड्याळ आम्ही अधिक मोलाचें मानूं.