दातांच्या एक्स-रेचे वाचन: डोळ्यापासून संगणकापर्यंत

दातांचा एक्स-रे जवळजवळ क्ष-किरणांच्याच वयाचा आहे. राँटगेनचा शोध जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचे छायाचित्र घेतले. काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच तोंडात धरून 25 मिनिटे स्तब्ध राहावे लागले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी हे तंत्र उचलले. यंत्र जुळवताना ते स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. पुढे कर्करोगाने आधी बोटे, मग हात गेला.

चित्र काढणे लवकरच सोपे झाले. वाचणे मात्र अवघडच राहिले. हॉवर्ड रेपर यांच्या बाइटविंग फिल्मने 1925 पासून दोन दातांच्या फटीतली कीड दिसू लागली, पण ती खात्रीने ओळखण्याची पंचाईत कायम होती. इनॅमलमधले बरेचसे खनिज झिजल्याशिवाय कीड फिल्मवर उमटत नाही. उलट, दाताच्या मानेजवळ किरण सहज आरपार जातात, तिथे निरोगी दातावरही काळसर डाग दिसतो आणि नवशिक्या हमखास फसतो. एकाच फिल्मवर दोन दंतवैद्यांचे एकमत होईलच, असे नाही.

फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ यांनी तयार केलेले रेडिओव्हिजिओग्राफी यंत्र 1987 मध्ये बाजारात आले आणि फिल्मच्या जागी सेन्सर आला. आपल्याकडचे दवाखाने डिजिटल एक्स-रेला आजही सर्रास ‘आरव्हीजी’ म्हणतात. या बदलामुळे चित्रातला प्रत्येक बिंदू आकडा झाला, आणि आकडे संगणकाला वाचता येतात. 1998 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोजिकॉन या प्रणालीला मान्यता दिली. तिचा आवाका दोन दातांमधल्या किडीपुरताच होता.

2012 नंतर न्यूरल नेटवर्कने चित्र ओळखण्यात मोठी मजल मारली. कीड कशी दिसते याचे नियम आता कुणी लिहून देत नव्हते. दंतवैद्यांनी खुणा केलेल्या एक्स-रेंवरून संगणक ते स्वतःच शिकू लागला. त्याच प्रशासनाने 2021 मध्ये हिरडीखालच्या हाडाची पातळी मोजणाऱ्या ओव्हरजेट प्रणालीला आणि 2022 मध्ये पर्ल कंपनीच्या ‘सेकंड ओपिनियन’ला परवानगी दिली. मेख अशी, की खुणा करणारे डोळे माणसांचेच. त्यांचे मतभेद आणि चुका शिकवणीबरोबर यंत्रातही उतरतात. शिवाय यंत्राने पडद्यावर रंगीत चौकटीत दाखवलेली प्रत्येक कीड कोरायची नसते. इनॅमलपुरती असेल तर फ्लोराइड आणि स्वच्छतेवर भागते. म्हणूनच या प्रणालींना परवानगी आहे ती दंतवैद्याचे सहायक म्हणून; निदानाची जबाबदारी त्याचीच.