कृष्णेचा जमाखर्च

एखाद्या घराण्याची खरी सांपत्तिक स्थिति त्याच्या वाड्याच्या उंचीवरून कळत नाहीं. त्यासाठीं चोपडी उघडावी लागते. नदीच्या खोऱ्याचेंही तसेंच आहे. धरणें मोजून आणि कालव्यांची लांबी जोडून खोऱ्याची समृद्धि ठरविण्याची संवय आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ रूढ आहे. परंतु ही समृद्धि व्याजावर चालली आहे कीं मुदलांत हात घालून, हा प्रश्न त्या मोजणीनें सुटत नाहीं. महाबळेश्वरीं उगम पावून सुमारें 1,400 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या कृष्णेच्या इतिहासावरून या प्रश्नाचा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

या नदीस अर्वाचीन काळांतील पहिला मोठा बंधारा पडला तो तिच्या मुखाजवळ. 1832-33 च्या भीषण दुष्काळानें गुंटूर प्रांत उजाड झाला होता. पुढें इंग्रज अभियंत्यांनीं बेझवाडा, म्हणजे आजचें विजयवाडा, येथें बंधारा बांधला. तो 1855 सालीं पुरा झाला आणि त्रिभुज प्रदेशांतील भातशेतीस भरंवशाचें पाणी मिळूं लागलें. नंतर बांधकामाची पावलें उगमाकडे वळलीं. 1879 सालीं मुठेवर खडकवासला, 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा, 1928 सालीं भाटघरचें नवें धरण. मावळांत पडणारा पाऊस पूर्वेकडील दुष्काळी मुलखास पोंचविण्याचा हा उद्योग 1876-77 चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीस किती मोलाचा वाटला असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. त्याच सुमारास एक निराळी गोष्टही घडली. टाटांच्या वीज-योजनांनीं 1915 पासून घाटमाथ्यावरील पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरविलें. त्यांपैकीं मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळांतील शेतकऱ्यांनीं 1921 सालीं सत्याग्रह आरंभिला व सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. तो लढा जमिनींसाठीं होता. पाण्यापुरतें बोलावयाचें तर असें उतरलेलें पाणी पुन्हां कृष्णेस मिळत नाहीं, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें कोयनेचेंही पाणी याच वाटेनें गेलें. स्वातंत्र्यानंतर 1953 सालीं तुंगभद्रा, 1967 सालीं नागार्जुनसागर, 1980 सालीं उजनी आणि त्यामागून श्रीशैलम व अलमट्टी अशीं धरणें होत जाऊन नदी पायरीपायरीनें अडली.

या मार्गांतला पहिला इशारा मात्र फार लवकर मिळाला होता. नीरा कालव्याखालील खोल काळ्या जमिनींत उंसास मुबलक पाणी दिलें जाऊं लागलें. तें खालीं मुरलें, पण निचऱ्यास वाट नसल्यामुळें भूगर्भांतील पाण्याची पातळी वर चढली. वर आलेलें पाणी उन्हानें उडून गेलें आणि क्षार मागें राहिले. कांहीं वर्षांतच चांगलीं शेतें चोपण झालीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनीं 1910 च्या सुमारास नीरेच्या खारवट जमिनींचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीं थोडीं वर्षें विश्वेश्वरय्यांनीं याच कालव्यावर, पाणी अधिक गांवांत आणि बेतानें वांटणारी ब्लॉक पद्धति पुढें मांडली होती. म्हणजे रोगाचें निदान आणि पथ्य हीं दोन्ही शंभर वर्षांपूर्वींच सांगितलीं गेलीं. तरीही पुढें उपसा-सिंचनानें सांगली-कोल्हापूरकडे ऊंस वाढला तेव्हां कृष्णाकांठच्या शेतांवर तींच पांढरीं पुटें दिसूं लागलीं. कालव्याच्या कामास जो उत्साह लाभतो तो चराच्या कामास लाभत नाहीं. कारण कालव्यापासून उत्पन्न दिसतें, चरापासून केवळ नुकसान टळतें.

खोऱ्याची खरी चोपडी लिहिली गेली ती बच्छावत लवादाच्या हातून. 1969 सालीं नेमलेल्या या लवादानें 78 वर्षांच्या नोंदी तपासून, चार वर्षांपैकीं तीन वर्षें हमखास मिळेल असें पाणी 2,060 अब्ज घनफूट ठरविलें. त्यांतील महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 आणि आंध्र प्रदेशास 800 अशी वांटणी झाली. शेतांतून नदीस परत झिरपणाऱ्या पाण्याचाही हिशेब पुढें त्यांत धरला गेला. चांगल्या वर्षीं याहून अधिक पाणी आलें तर तें वापरण्याची मोकळीक शेवटच्या राज्यास मिळाली, मात्र हक्क मिळाला नाहीं. निवाडा विद्वत्तेनें आणि समतोल बुद्धीनें दिलेला होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण 560, 700 आणि 800 यांची बेरीज नेमकी 2,060 होते, हें वाचकांनीं पाहावें. सगळी जमा खर्चीं पडली. चौथ्या, तुटीच्या वर्षासाठीं शिल्लक नाहीं, आणि नदीच्या स्वतःच्या नांवें तर रकानाच नाहीं.

याचा परिणाम मुखाशीं दिसला. 1901 ते 1960 या काळांत कृष्णा दर वर्षीं सरासरीनें सुमारें 57 अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारें 2,000 अब्ज घनफूट पाणी समुद्रास देत होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या अवर्षणाच्या वर्षांत तें जवळजवळ नाहींसें झालें. समुद्रास मिळालेलें पाणी वायां गेलें, असें म्हणण्याची आपल्यांत रीत आहे. परंतु तेंच पाणी त्रिभुज प्रदेशास गाळ पुरवितें, खाऱ्या पाण्यास मागें रेटतें, मत्स्यजीवनास आधार देतें आणि सबंध खोऱ्यांतील क्षार वाहून नेतें. शिवाय अशा पूर्णपणें वांटलेल्या खोऱ्यांत नवी बचतही बहुधा फसवी ठरते. वरच्या कालव्यास अस्तर लावून जो पाझर थांबविला तोच पाझर खालच्या गांवच्या विहिरीचा झरा होता, असें मागाहून आढळतें. नवें पाणी निर्माण झालेलें नसतें. फक्त मालक बदललेला असतो.

धरणांची झीज हा खर्चही चोपडींत क्वचितच मांडला जातो. तुंगभद्रेच्या जलाशयाची मूळची साठवण सुमारें 133 अब्ज घनफूट होती. गाळानें ती आतां सुमारें 105 वर आली आहे. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्रीं सांखळी तुटून याच धरणाचा एक दरवाजा वाहून गेला. पुराचीही तीच कथा. उन्हाळ्यासाठीं धरण भरलेलें हवें आणि पुरासाठीं रिकामें हवें. या दोन गरजांची ओढाताण 2009 सालीं कर्नूलनें, आणि 2005, 2019 व 2021 सालीं सांगली-कोल्हापूरनें अनुभविली.

यावर कोणी म्हणेल कीं, दुष्काळांत अन्न देणाऱ्या धरणांस नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें आहे. आम्ही धरणांस नांवें ठेवीत नाहीं. सोलापूर किंवा गुंटूर जिल्ह्यास पुन्हां एकोणिसाव्या शतकांतील दैवावर सोंपवावें, असें कोणताही समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या खोऱ्याचें सर्व जीवन माणसाच्या योजनेवर अवलंबून आहे, त्याचा टिकाऊपणा चार प्रश्नांनीं तपासावा. जमिनींतील क्षार बाहेर पडतात काय? जलाशयांतील गाळाचा हिशेब ठेवला जातो काय? तुटीच्या वर्षीं कोणी किती सोसावयाचें हें आधींच ठरलें आहे काय? आणि समुद्रापर्यंत कांहीं पोंचतें काय? 2010 च्या दुसऱ्या लवादानें किमान प्रवाहासाठीं थोडें पाणी राखण्याचा विचार केला, हें सुचिन्ह खरें. पण त्या निवाड्यांतही वांटावयाचें पाणी पूर्वीपेक्षां कमी हमीचें धरून एकंदर आंकडा वाढविलाच गेला.

कृष्णेच्या पाण्यावर अर्वाचीन काळांत पहिली मोठी शेती उभी राहिली ती मुखाकडील शेतकऱ्यांची. आज पंगतींत तेच शेवटीं बसले आहेत. हंसलदीवी येथें, जेथें ही नदी समुद्रास मिळते, तेथें उन्हाळ्यांत तिच्यांत गोडें पाणी किती उरतें, यावरूनच वरच्या साऱ्या वैभवाची किंमत ठरवावी लागेल.