कॉग्निटिव्ह रेडिओ : स्पेक्ट्रमच्या सहवापराची सीमा

परवान्याने एकाला दिलेला रेडिओलहरींचा पट्टा, मूळ धारकास बाधा न आणता दुसऱ्याने वापरणे म्हणजे स्पेक्ट्रमचा सहवापर होय. भोवतालच्या लहरींचा कानोसा घेऊन स्वतःची कंप्रता व शक्ती बदलणाऱ्या यंत्रणेस ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ म्हणतात. जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये ही संकल्पना मांडली.

अशा सहवापरातून किती माहिती धाडता येईल, याचा पाया क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सिद्धांतात आहे. माहितीचा कमाल वेग पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो. शक्ती वाढविल्यास मात्र तो संथपणे, लॉगॅरिदमच्या गतीने वाढतो. ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात संकेत गोंगाटाच्या १५ पट असल्यास ही सीमा सेकंदाला ३२ मेगाबिट येते. शक्ती दुप्पट केली तर ती जेमतेम ४० वर जाते. तेवढ्याच शक्तीत रुंदी दुप्पट केली तर सुमारे ४९ होते. पडून राहिलेल्या पट्ट्यांचे मोल यातच आहे.

सहवापराचे मार्ग तीन. रिकामा पट्टा शोधून वापरणे, हा पहिला. धारकाला जाणवणार नाही इतक्या क्षीण शक्तीने प्रक्षेपण करणे, हा दुसरा. धारकाचा संदेश आधीच ठाऊक असेल, तर त्याला साह्य करीत आपलाही संदेश धाडणे, हा तिसरा. प्रेषकाला पूर्वज्ञात असलेल्या व्यत्ययाने क्षमता घटत नाही, हे मॅक्स कोस्टा यांनी १९८३ मध्ये सिद्ध केले. तथापि असे पूर्वज्ञान व्यवहारात दुर्मिळ असते.

पहिला मार्गही वाटतो तितका सोपा नाही. केवळ ऊर्जा मोजणाऱ्या ग्राहकास गोंगाटाची पातळी नेमकी ठाऊक नसेल, तर ठराविक मर्यादेखालचा संकेत कितीही वेळ ऐकूनही ओळखता येत नाही, असे राहुल तंद्रा व अनंत सहाय यांनी २००८ मध्ये दाखविले. ही अनिश्चितता अवघी १ डेसिबल असली, तरी गोंगाटाच्या निम्म्याहून थोडा क्षीण संकेतही निसटतो. पट्टा रिकामा समजून प्रक्षेपण करावे आणि धारकाचे नुकसान व्हावे, हा धोका त्यातून उद्भवतो.

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या अडचणीवर नोंदवहीचा उपाय अवलंबिला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधील १५ दूरचित्रवाणी वाहिन्यांचा त्यांनी अभ्यास केला. देशात सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक जागा मोकळी असल्याचा निष्कर्ष त्यांनी २०१४ च्या सुमारास मांडला. यंत्राने आपले स्थान कळवावे आणि तेथील रिकाम्या वाहिन्यांची यादी मिळवावी, असा डेटाबेसही त्यांनी विकसित केला. पालघर परिसरातील खामलोली येथे या पट्ट्यातून गावापर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शननेही बहुतेक अॅनालॉग भूप्रक्षेपक बंद केले.

शॅननची सीमा मुंबईला आणि वर्धा जिल्ह्यातील रोहण्याला सारखीच लागू आहे. फरक पडतो तो मोकळ्या पट्ट्याच्या रुंदीचा, आणि तो वापरण्याची मुभा मिळते की नाही, याचा.