उपग्रहवेध व विमानवेध : अहिल्यानगर परिसर

एखाद्या स्थळावरून जाणाऱ्या कृत्रिम उपग्रहाची किंवा विमानाची दिशा व उंची निरनिराळ्या क्षणी मोजून त्याचा मार्ग निश्चित करणे, यास वेध घेणे असे म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहर सु. १९° उत्तर अक्षांशावर वसले आहे. पृथ्वीनजीक फिरणाऱ्या ज्या उपग्रहाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल याहून अधिक असतो, तो केव्हा ना केव्हा या शहराच्या माथ्यावरून जातो.

सोव्हिएट रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या स्पुट्‌निक–१ या पहिल्या उपग्रहाच्या कक्षेचा कल सु. ६५° होता. त्याची एक प्रदक्षिणा सु. ९६ मिनिटांत पुरी होई. तेवढ्या अवधीत पृथ्वी सु. २४° फिरत असल्याने पुढील फेरीचा मार्ग तितकाच पश्चिमेकडे सरके. या साध्या हिशेबावरच उपग्रहाच्या आगमनाची वेळ आधी सांगता येते. जमिनीवर अंधार असून उपग्रह मात्र सूर्यप्रकाशात असेल, तेव्हाच तो नुसत्या डोळ्यांना दिसतो; म्हणून सूर्यास्तानंतरचा व सूर्योदयापूर्वीचा काळ निरीक्षणास योग्य ठरतो. उपग्रहाचा प्रकाश सामान्यतः स्थिर असतो. विमानाचे दिवे लुकलुकतात.

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेस लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात (जि. पुणे) या विषयाचा पुढील इतिहास घडला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आर्वी येथे सु. ३० मी. व्यासाच्या आकाशकासह उपग्रह भूकेंद्र उभारण्यात आले व त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहांशी त्याचा संपर्क असे. असे उपग्रह सु. ३५,८०० किमी. उंचीवर असून पृथ्वीवरून जवळजवळ स्थिर भासतात; तथापि त्यांचे अल्प विचलनही आकाशकास अनुसरावे लागते.

याच तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) उभी राहिली. या भागात मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे, हे स्थळनिवडीचे एक प्रमुख कारण होते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या ‘शियापारेली’ या यूरोपीय यानाचा सु. ४०१ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा क्षीण संदेश या दुर्बिणीने सु. १७·५ कोटी किमी. अंतरावरून टिपला. उतरण्याच्या नियोजित क्षणापूर्वीच तो खंडित झाला. यान पृष्ठभागावर आदळल्याचे पुढे निष्पन्न झाले.

विमानवेधाची पद्धतीही पालटली आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. आधुनिक विमाने आपले स्थान, उंची व वेग १,०९० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर स्वतःच प्रक्षेपित करतात. साध्या ग्राहीच्या साहाय्याने कोणासही ते संदेश मिळवता येतात व जाणारे विमान ओळखता येते.

तथापि ही सोय ज्योतिषशास्त्रीय निरीक्षणास बाधक ठरते. खोडदच्या दुर्बिणीचा वरचा पट्टा सु. १,०५० ते १,४५० मेगॅहर्ट्‌झ असून विमानांचे संदेश, तसेच मार्गनिर्देशक उपग्रहांच्या काही कंप्रता त्यातच येतात. भूपृष्ठावरील गोंगाट सभोवारच्या डोंगरांमुळे काहीसा अडतो. माथ्यावरून येणाऱ्या संदेशांना मात्र आडोसा नसतो. त्यामुळे नोंदींतून असे संदेश वेगळे काढणे, हे वेधशाळेचे नित्याचे काम झाले आहे. त्यासाठी कोणता उपग्रह केव्हा व कोठून जाणार, हे आधी ठाऊक असणे उपयोगी पडते.