पॉइंटाचा हिशेब

खळ्यावर रास लागली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आपापला वाटा न्यायला येत. वर्षभर नांगर-तिफणी दुरुस्त केल्याचा मोबदला सुगीत धान्याने मिळे. प्रत्येक कामाची वेगळी किंमत विचारायची रीतच नव्हती. आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारी औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव भागातली गावे पिढ्यान्‌पिढ्या याच व्यवहारावर चालली. वायरमन या गावांत आला तेव्हा बलुत्याची घडी विसकटू लागली होती आणि बारा बलुत्यांत त्याला जागाही नव्हती. त्याची मजुरी पहिल्यापासून रोखीत ठरली. ती मोजण्याची जी पद्धत तेव्हा पडली, तिचे परिणाम अजून घराघरांच्या भिंतींत आहेत.

वीज इकडे उशिरा आली. निजामाच्या राज्यात विद्युत खाते १९१० मध्येच निघाले होते. हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी १९२० साली औष्णिक केंद्र उभे राहिले, पण तो उजेड राजधानीचा होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात वीज असलेली खेडी दीड हजाराच्या आसपास होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतर पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. येलदरीच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र बसले. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. खांब आणि तारा तालुक्याच्या गावांतून खेड्यांकडे सरकू लागल्या.

त्या काळी ‘विद्युतीकरण झालेले गाव’ कशाला म्हणत, हे आज वाचून नवल वाटेल. ऑक्टोबर १९९७ पर्यंतच्या सरकारी व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव यादीत चढे. शिवारातल्या एका विहिरीवर मोटार बसली तरी पुरे. गावठाणात एकही दिवा नसला तरी चालत असे.

म्हणूनच ग्रामीण वायरमनची कमाई आधी शेतात झाली आणि मग घरात. दाब कमी-जास्त झाला, एक फेज गेला की मोटार जळे. मोटार भरून देणारा कारागीर मागेल ती मजुरी शेतकरी देई, कारण उभे पीक पाण्यावाचून वाळत असे. घराच्या फिटिंगला अशी निकड नव्हती. तिथे घासाघीस सुरू झाली, ती आजतागायत.

घराची मजुरी ‘पॉइंटा’वर ठरते. बल्बचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. पॉइंट मोजायचे, दराने गुणायचे. सामान घरमालकाने आणायचे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतही ‘पॉइंट वायरिंग’ हेच एकक आहे. मात्र तिथे एका पॉइंटमध्ये काय-काय आले पाहिजे ते लिहिलेले असते. गावात तोंडी ठरते. माळवदाच्या घरांत मातीच्या भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून क्लिपांनी तारा नेत, तेव्हा ही पद्धत सोयीची होती. किती तार, किती बटणे, सगळे डोळ्यांसमोर असे. पुढे प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग आली आणि मग सिमेंटच्या भिंतीला कटर मारून पाइप आत दाबायचे दिवस आले. काम भिंतीआड गेले, मोजणी मात्र बाहेर दिसणाऱ्या बटणांचीच राहिली.

खरी गोम इथे आहे. ज्याची मोजणी होते त्याचाच मोबदला मिळतो, आणि अर्थिंग हा पॉइंट नाही. चांगल्या अर्थिंगसाठी जमिनीत अडीच मीटर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उतरवायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचे, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहायचे, शिवाय प्रत्येक तीन पिनांच्या प्लगापर्यंत हिरवी तार ओढायची. दिवसभराचे हे कष्ट, आणि पाहुण्याला दाखवावे असे त्यात काही नाही. तांब्याच्या टंचाईमुळे काही दशके घरांत ॲल्युमिनियमची तार वापरली गेली. स्क्रूखाली ती हळूहळू दबते, जोड सैल होतो, तापतो. तो वर्षा-दोन वर्षांनी आवळून घ्यायला हवा. या आवळण्यालाही कुठे दर नाही.

हे काम जाणकाराचेच आहे, हे कायद्याने ओळखले होते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाप्रमाणे बल्ब-पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता घरातले विजेचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचे होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर नियम नव्याने आले तरी ही अट टिकली. नव्या जोडणीच्या अर्जाला ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. पण फिटिंग एकाने करायची आणि अहवालावर शिक्का दुसऱ्याचा घ्यायचा, हा प्रकार गावोगाव परिचयाचा आहे. शिक्क्याचे पैसे दिले जातात; ज्या तपासणीचा तो शिक्का, ती होतेच असे नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षे वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला मग त्याच दराशी स्पर्धा करावी लागते, ज्या दरात कुणाच्या तरी हाताखाली चार महिने काढलेला पोरगा काम करून देतो.

सरकारी योजनांनीही पॉइंटच मोजला. २०१७ च्या सौभाग्य योजनेत गरीब घरांना जोडणी मोफत आणि इतरांना पाचशे रुपये, तेही बिलातून दहा हप्त्यांत. त्यात मीटर आला, एका दिव्याचे फिटिंग आले. ज्या घरांत रॉकेलची चिमणी होती त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखू नये. पुढे पंखा, टीव्ही, फ्रिज, कूलर आले तेव्हा बहुतेक ठिकाणी त्याच एका तारेला फाटे फुटत गेले.

बलुत्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग राज्याने २०१६ मध्ये केला. तीन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांत ग्रामपंचायतीने गावातलाच आयटीआय झालेला तरुण ग्रामविद्युत व्यवस्थापक म्हणून नेमायचा आणि त्याला दर ग्राहकामागे महिना नऊ रुपये किंवा किमान तीन हजार रुपये मिळायचे. कल्पना उत्तम: गावाचा माणूस, घरटी वाटा. पण डीपीचा फ्यूज टाकण्यापासून रीडिंग घेण्यापर्यंत सारे त्याच्या गळ्यात आणि घराच्या आतले काम त्यात नाही. तीन हजारांत पोट भरणारा तंत्रज्ञ कुठून टिकणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा वार्षिक आकडा अलीकडे बारा हजारांच्या वर राहिला आहे. कूलर हा मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा सोबती. लोखंडी पत्र्याचा, पाण्याने ओला. अर्थिंग नसेल तर हात लावताच जीव जाऊ शकतो. तीस मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारी आरसीसीबी बाजारात मिळते, तिची किंमत कूलरपेक्षा कमी असते.

तेव्हा घर बांधताना वायरमनशी दर ठरवाल त्या दिवशी पॉइंटाखाली आणखी ओळी लिहून घ्या: अर्थिंगच्या खड्ड्याची मजुरी वेगळी, आरसीसीबी बसवण्याची वेगळी, वर्षातून एकदा सगळे जोड आवळण्याची वेगळी. चाचणी अहवालावर ज्याची सही आहे त्याला घरी बोलावून मीटर लावून तपासायला सांगा आणि त्या तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या.